विजूच्या वरणात हळद

भिलाई-3, मंगळवार, संध्याकाळ

आज वरणात हळद टाकली. आधी चिमूटभर, मंग चमचाभर.

माह्या पोराले, विजूले, दोन आजार, एचआयव्ही अन् हिपॅटायटिस सी. दोन्ही मिळून लिव्हर लवकर खराब करतात म्हणे. त्याचे डोये पिवळे झाले तवाच मी घरातली हळद बंद केली. काविळीले हळद चालत नाही, असं माही माय सांगे. अन् हाच पोरगा लहानपणी पिवळ्या वरणासाठी चुलीपाशी बसून राहे. बाप स्टील प्लांटातून आला का दोघं एकाच ताटात जेवत, काय भुरके मारत! कुठं गेले ते दिवस...

हिपॅटायटिसच्या गोळ्या संपल्यावर तीन महिने थांबून रक्त तपासलं होतं. आज डॉक्टरनं सांगतलं, हिपॅटायटिस सी गेला. एचआयव्हीची गोळी रोज घ्यायचीच, लिव्हर दाखवत राहायचं. मी लगेच विचारलं, "अब हल्दी दूं क्या?"

"हल्दी किसने बंद की, अम्मा?"

संग आलेली नात पिंकी हसत सुटली. "आजी, हम सबको सफेद दाल खिलाई तुमने!"

विजू म्हणे, "माय, मले वाटे तू म्हातारी झाली, हळद टाकाले विसरतं. तुले वाईट वाटंन म्हणून बोललो नाही."

पाहा आता! मी त्याच्यासाठी गप्प, तो माह्यासाठी.

आत्ता जेवला. ताट बोटानं पुसून खाल्लं, बापासारखंच. "अजून वाढ वं माय."

मी पाहून घेतलं. बोटं पिवळी, डोये पांढरे.