शिसं माझं काय वाकडं करणार

३ जानेवारी, सकाळ
नवीन वर्षाचा संकल्प: राग सोडला. कायमचा.
रीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. सातवा लागला. बालाघाटच्या याच अंगणात तीस वर्षं जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून जाळ्यांच्या गोळ्या ओततोय. माझ्या गोळ्यांशिवाय वैनगंगेत जाळं बुडतच नाही.

दुपार
रीना कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. भट्टीचा धूर बघून भडकली. म्हणे, बाबा, आपल्या डीएनएत रोज तुटफूट होत राह्यते. ते जोडाले एन्झाइम असतात, त्याईच्यात जस्त असते. शिसं त्या जस्ताले हाकलून सोताच तिथं बसते, मंग दुरुस्ती बंद.
मी म्हटलं, असल्या कामचोर मेकॅनिकच्या कानाखाली वाजवायला हवी. कशी, ते दाखवताना हातातली शिशाची पळी भिंतीवर आपटली. मोडली. हा राग नव्हे, डेमॉन्स्ट्रेशन.

६ जानेवारी
शेजारच्या प्रेमलालने धुराची कटकट केली. कॉलर धरून दोन लगावल्या. एक दात पडला. आधीच हलत असणार. बायको म्हणे, तुमच्या डोस्क्यात शिसं चढून राह्यलं. मग माझ्याहून तापट असलेल्या माझ्या बापाच्या डोक्यात काय चढलं होतं? तो तर पोस्टात होता.

९ जानेवारी
शिसं जस्ताला हाकलतं ना? मग जस्त वाढवा. सोपं आहे. नव्या पत्र्याच्या बादलीला जस्ताचा मुलामा असतो. तिच्यात आंबट ताक कालपासून ठेवलं होतं. तांब्याभर प्यायलो.

दुपार
अकरा उलट्या. बादलीला लाथ घातली, अंगठा सुजला. एन्झाइम कामाला लागले वाटतं.

१४ जानेवारी
जावई लोकेश परसवाड्याहून रीनाला न्यायला आला. पहिलं बाळंतपण आणि सासरी? माझं नाक कापायला निघालेत! कढईच लाथाडली. वितळलेलं शिसं त्याच्या बुटावर. बूट जळाला, पाय वाचला. रीना आमच्या मधे येऊन उभी राहिली. म्हणाली, हे बंद करसान तरच राह्यतो.
हौ म्हटलं. घण घेतला. कढई, साचे, भट्टी, सगळं ठेचलं. हात रक्तबंबाळ. नातवंड सेफ. मर्द माणूस एका दिवसात निकाल लावतो.

२३ जानेवारी
रीनाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. शिसं खूप. लॅबच्या काउंटरची काच फोडली. भट्टी बंद असताना शिसं येतंच कसं?
डॉक्टरीण बाईंनी हाताला पट्टी बांधता बांधता सांगितलं, हे आत्ताचं नाही. लहानपणी गेलेलं शिसं हाडांत बसून राहतं. पोटात बाळ असलं की सुटतं आणि बाळाकडे जातं.
रीना ओरडली नाही. एवढंच म्हणाली, बाबा, तुम्ही मले शिशाचे मासे ओतून देत होते खेळाले. मी ते तोंडात धरून झोपो.
संध्याकाळी लोकेशसोबत गेली. मी अडवलं नाही.
घण उचलला. मारायला दुसरं कुणी सापडेना. खाली ठेवला.