जांभळाला खत

॥ श्री ॥
राजेंद्र नगर, इंदूर
३ मार्च २०२४

चि. देवदत्त यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मोतीबिंदू पिकतोय, म्हणून पीयूषने वाचून दाखवलं. लिहिणं मात्र माझंच. सवयीने हात चालतो. ओळी तिरप्या गेल्या तर हसू नकोस. फोनवर धड ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

फाटकाजवळचं जांभूळ यंदा विरळ झालंय. ह्यांनी लावलेलं. ह्यांच्यामागे माझी सकाळ त्याच्याखालीच जाते. दिवाळीत पीयूषने नव्या गाडीसाठी थेट बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. जांभळांचे डाग गाडीवर पडतात म्हणून माझा लेक चिडतो. हिरवं झाड तोडायची परवानगी मिळत नाही म्हणून आणखी चिडतो.

जन्मभर शेतकऱ्यांना खतं सांगत हिंडलास. बहिणीच्या एका झाडाला काय घालू ते सांग.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
तुझी ताई

नाशिक
१२ मार्च २०२४

ती. शशिकलाताईस सा. न. वि. वि.

शहरातलं झाड उपाशी असतं, हे खरं. रानात पान गळतं, कुजतं, मुळांना मिळतं. तू पहाटे झाडू मारून सगळी पानं कचरागाडीत टाकतेस. इंदूरची आदर्श नागरिक आहेस, पण झाडापुढचं ताट तूच उचलतेस. पानं तिथेच राहू दे. बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढ. पावसाच्या तोंडावर कुजलेलं शेणखत घाल, बुंध्याशी नाही, फांद्यांच्या घेराखाली. एवढ्याने पालवी धरेल.

युरिया घालू नकोस. पालवी झटकन फुटते, म्हणून लोक फसतात. त्या फांद्या कच्च्या असतात, कीड लागते. बुंध्याशी घातला आणि जास्त झाला तर मुळं जळतात. पानांच्या कडा करपल्या की समजावं आणि थांबावं.

डोळ्याचं मनावर घे. पीयूष, रुचीला आशीर्वाद.
तुझा देवदत्त

राजेंद्र नगर, इंदूर
५ मे २०२४

चि. देवदत्त यास आशीर्वाद.

ज्या पोराने झाडाला कधी लोटाभर पाणी घातलं नाही, तो तुझ्या सांगण्यावरून स्वतः युरिया घेऊन आला. दर रविवारी बुंध्याशी, ब्लॉकच्या फटींत घालतो. रुची म्हणाली, मम्मीजी, तुमचा बेटा तर माळी झाला! मला भरून आलं. ह्यांचं झाड ह्यांच्या लेकाने हाती घेतलं.

आधी जांभूळ हिरवंगार झालं. शेजारचे नीरजभिया मुद्दाम बघून गेले. आता मात्र पानांच्या कडा करपताहेत. पीयूष म्हणतो, मामाजींनी लिहिलंच आहे, कडा करपल्या म्हणजे खत कमी पडतंय. आता दुप्पट घालतो.

तुझे उपकार मानत नाही, भाऊच आहेस.
तुझी ताई

नाशिक
१३ मे २०२४

ताई,

नमस्कार मागाहून. युरिया आजच बंद कर. मी नेमकं उलट लिहिलं होतं. वाचताना पीयूषचं पान उलटायचं राहिलं असेल. ब्लॉक उखडा, वरची माती काढून टाका, आठवडाभर पाणी सोडा. अजून वाचेल.

बीपीची गोळी वेळेवर घेतेस ना?
देवदत्त

राजेंद्र नगर, इंदूर
२२ सप्टेंबर २०२४

चि. देवदत्त यास आशीर्वाद.

जांभूळ गेलं. ऐन पावसात सगळीकडे हिरवं आणि हे उघडं. वाळलेल्या झाडाला परवानगी लगेच मिळाली. करवत लागली त्या दिवशी पीयूषने पेढे आणले नाहीत, एवढंच. गाडी आता स्वच्छ उभी असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगतो, मामाजींच्या खताने गेलं.

मागच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल तुझी खताची पत्रं स्वतः वाचली. दोन्ही एकेका पानाचीच, एकाच बाजूला लिहिलेली आहेत, रे. उलटायला काही नव्हतंच. मेच्या पत्रातली गोळीची ओळ तेवढी त्याने मला वाचून दाखवली होती.

त्याला विचारलं नाही. राहायचं इथेच आहे. अजून अंधुकच दिसतं, असं घरात सांगितलंय. हे पत्र नीरजभियांच्या हाती देते आहे.

पुढच्या पत्रात बीपीच्या गोळीविषयी लिही. जास्त झाली तर काय होतं, तेही लिही. ते पत्रही पीयूषच वाचून दाखवेल. कुठली ओळ गाळतो, ते मला पाहायचंय.

लोभ ठेव. अक्षर मात्र मोठं काढ.
तुझी ताई