एक पंख आणि दोन नावं

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली, उरलेली तीन टेकली असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे डोळे गेल्यात जमा आहेत. सात वर्षं दगडातला नखाएवढा पंख भिंगाखाली बघून दुसरं काय होणार? अख्खा किडा नाहीच, नुसता पंख. त्याच्या शिरा मोजायच्या आणि ही नवी जात आहे असं जगाला पटवायचं. कुणी विचारलं तर बायको 'ते दगड बघतात' एवढंच सांगते.

मला दोन नव्या जाती सापडल्याचं तुला कळवलं होतंच. ज्या डाव्या पंखाच्या मधल्या शिरेला पाच फाटे होते त्याला तुझं नाव दिलं, आणि सहा फाट्यांच्या उजव्या पंखाला सासूबाईंचं. (एकीला देऊन दुसरीला न देण्याइतका मी शूर नाही.) तुम्ही दोघी खूश, लेख छपाईला गेलेला, मीही जरा टेकलो होतो.

तर परवा आमच्या साफसफाईच्या मावशींनी टेबल पुसायला जागा हवी म्हणून एक दगड दुसऱ्यावर ठेवला, आणि तो डब्यावर झाकण बसावं तसा बसला! "साहेब, हा एकच दगड आहे हो, फुटलेला," म्हणाल्या. दगड फोडला की एका अर्ध्यावर पंख राहतो आणि दुसऱ्यावर त्याचा उलटा ठसा, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना घसा कोरडा करून शिकवतो. संग्रहालय हलवताना ते दोन अर्धे वेगळ्या कप्प्यांत गेले, आणि मी एका पंखाच्या दोन जाती केल्या. सहावा फाटा ही दगडाची चीर निघाली. तिच्यावर मी दीड पान लिहिलं आहे, आत्या. हसावं की रडावं कळेना, म्हणून मावशींना चहा पाजला.

आता पंख एक, तर नावही एकच. कुठलं, ते संपादकांना आज सकाळपर्यंत हवं होतं. सासूबाईंनी शेजारीपाजारी आधीच सांगून ठेवलंय. आणि तू म्हणाली होतीस, "मला ना मूल ना बाळ, या किड्यामुळे तरी नाव मागे राहील," ते काही केल्या डोक्यातून जाईना. थकलो गं. बाकी सगळं क्षेम.

तुझा भाचा

ता. क. – नाव तुझं ठेवलं. तुझ्या अर्ध्यावर चीर नाही, असं कारण लेखात दिलंय. खरं कारण तू ओळखशील.

ता. क. २ – सासूबाई आमच्याकडेच असतात. तोंडाने सांगायची छाती झाली नाही, म्हणून चिठ्ठी त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवली आणि निघालो. दुपारी त्या उठल्या की चष्मा लावतीलच.

ता. क. ३ – हे पत्र टपालाने आलेलं नाही, मीच दाराखालून सरकवलंय. दार उघड. पंधरा दिवसांचे कपडे आणलेत.