माणिक ज्ञानोबा, मयत

३ फेब्रुवारी, मुखेड
पोचले एकदाची! सोलापूर ते लातूर, लातूर ते मुखेड, एसटीनं हाडं खिळखिळी केली, तरी मी जाम खुशीत आहे. आपण दत्तक आहोत हे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकाहत्तराव्या वर्षी कळलं. ट्रंकेत १९५४ सालचं दत्तकपत्र निघालं, त्यावर इथून जवळचंच एक गाव. त्यांचं हृदय कमजोर आहे, हट्ट मात्र दणकट. आईचं नाव कळलं पाहिजे नि आपलं जन्माचं नाव कागदावर बघायला मिळालं पाहिजे. मी गणिताची मास्तरीण, उत्तर आल्याशिवाय उठत नाही. लॉजवरचा चहा म्हणजे नुसता पाक आहे, पण चालेल.

४ फेब्रुवारी
एसटीनं गावात गेले. कोतवाल व्यंकट भला माणूस. त्यानं पत्र्याच्या पेटीतून त्याच्या कोतवाल आजोबांच्या हातची जन्म-मृत्यूची वही काढली. आणि सापडलं! माणिक ज्ञानोबा, आई तारामती. मी चक्क टाळ्या पिटल्या. मग त्यानं पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. बाराव्या दिवशी मयत. मेलेल्याचा दाखला भेटंल ताई, जित्याचा कुठून देऊ, म्हणाला. माझं डोकंच फिरलं. माझा बाप सोलापुरात रोज पेपर वाचून सरकारला शिव्या घालतो, म्हटलं, आणि त्या शब्दावर लाल पेनानं काट मारायला लावली. तो बिचारा नको नको म्हणत होता. मी लगेच फोटो काढून दादांना पाठवला.

५ फेब्रुवारी
दादांचे सख्खे धाकटे भाऊ भेटले, शेषेरावकाका. नाक अगदी दादांचं. गळ्यात पडून रडले, मीही रडले. मग त्यांनी सगळं सांगितलं. आजोबांनी पोर सोलापूरच्या मित्राला दिलं, पण उद्या ते जमिनीत वाटा मागायला येईल, म्हणून गावाला मेलं असं सांगितलं. पुरायला काहीतरी हवं. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात ना, तोच दुपट्यात गुंडाळून बांधावर पुरला. आजीला पान्हा फुटायचा. ती रोज बांधावर जाऊन त्या मातीत दूध पिळायची. पुढं तिनं तो उकरून घरी आणला नि पाळण्यात ठेवला. अजून तिथंच आहे. काका त्याला थोरला म्हणतात, पारूकाकू रोज दूधभात लावते. हात लावू नगा, लई तापट हाय त्यो, म्हणाली. मला हसू आवरेना. एका दगडाचे केवढे लाड!

६ फेब्रुवारी
व्यंकट गेला. भर दुपारी, स्वतःच्या ओसरीवर. उजव्या हाताची बोटं पाट्यावर चटणी वाटावी तशी वाटलेली. डोक्याची एक बाजू उरलीच नव्हती, भिंतीला दात चिकटले होते. त्याच्या बायकोनं ती वही माझ्या अंगावर फेकली. बरोबर केलं तिनं. काट मीच मारायला लावली.

काकांकडे धावले. वरवंटा पाळण्यातच होता. दुपटं ओलं, लाल, दगडाला केस चिकटलेले. काका म्हणाले, माणिक मेला म्हणून हा माणिक झाला. सत्तर साल त्याच नावानं जगून राहिला. तू मेलेला जिता केलास, आता यानं कुठं जावं? भावाला हितं येऊ देऊ नको, म्हणाले.

दादा फोन उचलत नाहीत.

७ फेब्रुवारी, सकाळी
दादा निघाले. शेजारीण म्हणाली, पहाटेच, नवा सदरा घालून. फोन बंद.

काका वरवंटा विहिरीत टाकायला गेले. काठावर सापडले. छाती आत दबलेली, बरगड्या पाठीतून बाहेर. काकू रडत नाही. दगड धुऊन पाळण्यात ठेवला, थोपटतेय, तरी पाळणा आपला आपण हलतोच आहे. म्हणते, मयत लिही परत, निजंल तो.

दुपारी
लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या बापाच्या नावापुढे. मला माफ करा दादा.

पाळणा थांबला. खरंच थांबला.

तीन वाजता
दादा आले. आईच्या चुलीपुढे डोकं टेकलं. मग वही दिसली — मी सांगत होते, ऐकेनात — पोटच्या पोरीनंच मला मारलं, म्हणाले. पेन हिसकावलं. काट मारली. हसले. मोठ्यानं आपलं नाव वाचलं, आईचं वाचलं —

पाळणा रिकामा.

काकू दारात पडलीय. चेहरा नाही.

दादांना अंगणात ढकललं. आतून कडी घातली. दार बडवताहेत.

उजवा हात गेला. कोपरापर्यंत लगदा. डाव्यानं —

कोतवालाची वही त्या वरवंट्याखाली. निघत नाही. म्हणून इथंच लिहिते. इथं लिहिलं तरी चालेल ना —

दादा पळा. दार तोडू नका. अजून लिहून व्हायचंय —

माणिक ज्ञानोबा, म