खोडलेली खूण

प्रिय अरिबा,

सात वर्षांनी पत्र येतंय, म्हणून आधी सांगते, इकडे सगळे ठीक आहेत. मी सोलापुरातच एका दवाखान्यात समुपदेशक आहे. होटगीला जाऊन तुझ्या अम्मींकडून विजापूरचा पत्ता घेतला. तू बरी आहेस म्हणाल्या. मी त्यापुढे काही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. तुला आठवत असेल, मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक ‘सब्जेक्ट’ आणायचा, त्याच्याकडून चाचणी सोडवून घ्यायची आणि जर्नल लिहायचं. माझी सब्जेक्ट तू होतीस. तू रूममेट होतीस आणि जर्नल द्यायला एकच दिवस उरला होता. जवळच्या माणसाची चाचणी घेऊ नये हे मला माहीत होतं. संमतीपत्रावर तुझी सहीही मीच केली. सगळ्याच मुली तसं करायच्या.

तिथे सात जर्नलं तपासली. सातही जर्नलांत सब्जेक्ट एकच. वय एकवीस, राहणार होटगी, वडील रेल्वेत, आद्याक्षरं अ. मु. एका मुलीला विचारलं तर ती हसली. “ती खरी नाही की, मॅडम! झेरॉक्सवाल्याकडं सेट मिळतोय, सगळ्याजणी त्योच उतरवतात.” मग मी जर्नलाला जोडलेली उत्तरपत्रिका पाहिली. जगणं नकोसं वाटतं का, हा नववा प्रश्न. तू आधी ‘कधीच नाही’वर खूण केली होतीस, मग ती खोडून ‘बऱ्याचदा’वर केलीस. सातही मुलींनी ती खोडलेली खूणसुद्धा पट्टी लावून उतरवली होती.

मला काही वाटलं नाही. गुण भरले, चहा घेतला आणि दुकानात गेले. मालक ईरप्पांनी प्रत लगेच काढली. “लई चालतोय हा सेट, तुमाला पण पायजे व्हय?” त्या वर्षी गुण मिळाल्यावर मी माझं जर्नल एका ज्युनिअरला दिलं होतं, उत्तरपत्रिका न काढता. तिथूनच ते दुकानात गेलं असणार. किती प्रती गेल्या, ते त्यांनाही सांगता आलं नाही. दुकानातली प्रत मी घेऊन आले. विभागप्रमुखांना सगळं लेखी कळवलंय, खोट्या सहीसह.

हे तुला कळणं तुझा हक्क आहे. पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. त्या दुपारी चाचणी संपल्यावर तू पेन्सिल परत दिलीस आणि विचारलंस, “झालं का गं तुझं काम?” मी हो म्हटलं. तू जागची हलली नाहीस. नववं उत्तर मी वाचलं होतं, आणि तरी मान खाली घालून तक्ता आखत राहिले. सब्जेक्टला निष्कर्ष सांगायचा नाही, हा नियम मला पाठ होता. जिवाला धोका दिसला तर गप्प बसायचं नाही, हाही पाठ होता. तो मी पेपरात लिहिला. जर्नलला पंचवीसपैकी चोवीस मिळाले. दोन महिन्यांनी तू कॉलेज सोडलंस, तेव्हाही विचारलं नाही. आता विचारते, त्या खोलीत तुझ्यासमोर बसलेली मुलगी म्हणून. तेव्हा काय झालं होतं, अरिबा? आणि आता नवव्या प्रश्नाला तू कुठे खूण करशील? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. नंबर पाठीमागे लिहिलाय. फोन लावून नुसती बसलीस तरी मी या वेळी दुसरं काम काढून बसणार नाही.

म्हणू देशील तर, तुझीच
महेश्वरी