लाल गाडीला नवे ब्रेक

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

ठरलं. गाडी विकायची नाही — ब्रेक बदलायचे!

तेजसचा पुण्याहून पुन्हा फोन. "ताई, काढून टाक ती गाडी. आईचं मनगट बघ आधी." बघते रे बाबा. रोजच बघते. आत प्लेट, वर बोटभर व्रण. फेब्रुवारीत आम्ही दोघी बाईकवरून नंदाखालहून येत होतो. वळणावर कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला — पुढचं धड आठवत नाही. गाडी आडवी, मी इकडे, आई तिकडे. मला नुसतं खरचटलं. आणि चोवीस वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचा उजवा हात मोडला.

ब्रेकचा लिव्हर मऊ लागत होता, एवढं पक्कं आठवतं. महिनाभर आधीपासून लागत होता. करू पुढच्या रविवारी, करू पुढच्या रविवारी — मीच!

१६ नोव्हेंबर, रविवार

टेम्पोत चढवून गाडी पापडीला नेली, रोनाल्ड अंकलच्या गॅरेजमध्ये. मनवेलपाड्याच्या घरून चालवत न्यायची छाती झाली नाही. अंकलनी चाक न काढताच मान हलवली. ब्रेकचे पॅड घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. लिव्हर दाबला की ऑईलची रबरी लाईन टम्म फुगते.

"म्हणजे ह्यामुळेच पडलो ना आम्ही?" मी विचारलं.

"ब्रेक मऊ होता, खरं आहे. पण गाडी थांबली असती गं. तू काय शंभरने चालली होतीस?"

चाळीसने चालले होते. मग पडलो कसे? म्हणजे माझ्याच हाताने घोळ घातला.

१९ नोव्हेंबर

ऑफिसातून आल्यावर रोज पॅडचा अभ्यास. मऊ जातीचे पॅड हलके धरतात, पण तापले की दगा देतात. धातू मिसळलेले पावसातही धरतात, मात्र चाकावरची डिस्क लवकर खातात. आणि रेसचे — त्यांचे फोटो बघून जीव सुखावतो!

आईने विचारलं, "काय एवढं शोधतेस?"

"ब्रेक. पुन्हा तसं व्हायला नको."

ती मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला, तशीच उठली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अंकलना रेसचे पॅड दाखवले. हसायलाच लागले! "हे तापल्याशिवाय धरत नाहीत. तू विरारच्या ट्रॅफिकमध्ये तापवणार कुठे?" धातूवाले ठरले. लाईन मात्र स्टीलची जाळी विणलेली. ती फुगत नाही. हाताने दाबलं तेवढं सगळं चाकाला पोचतं.

२९ नोव्हेंबर

पार्सल आलं — पॅड चुकीचे! डब्यावर गाडीचं नाव बरोबर, पण आधीच्या सालचं मॉडेल. पिनचं भोकच जुळेना. परत पाठवले. पुढच्या वेळी डब्यावरचं नाव वाचून नाही, जुना पॅड शेजारी धरून घ्यायचे.

आईने आज पहिला ब्लाऊज पुरा केला. बाही दोनदा उसवली, पण केला!!

७ डिसेंबर, रविवार

बरोबरचे पॅड आले आणि बसले! अंकलनी हॅण्डल पार डावीकडे वळवलं, पार उजवीकडे वळवलं. एका टोकाला लाईन ताणली जात होती. पुन्हा काढली, दुसरीकडून फिरवून आणली. मग ऑईलमधली हवा काढायची. मी लिव्हरवर, ते खाली नटाशी. "दाब... धरून ठेव... आता सोड." बुडबुडे थांबेपर्यंत तेच. शेवटी लिव्हर असा कडक लागला की मी तीन-चारदा उगाचच दाबून बघितला.

गाडी टेम्पोनेच घरी आणली.

८ डिसेंबर

चावी पर्समध्ये घेऊन ऑफिसला गेले आणि तशीच परत आणली.

१३ डिसेंबर, शनिवार

चालवली! सकाळी रिकाम्या रस्त्यावर. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून चाळीसवरून दहावर, पुन्हा चाळीस, पुन्हा दहा — असं तीस वेळा. पहिल्या पाच वेळा मोठ्याने आकडे मोजले. विसाव्या वेळी मी चक्क गात होते.

घरी आले तर आई दारातच. "कसे आहेत ब्रेक?"

"एक बोट लावलं तरी थांबते."

"मग उद्या मला बसव."



१४ डिसेंबर, रविवार

गाडीजवळ आल्यावर आई म्हणाली, "बसायच्या आधी एक ऐक. त्या दिवशी कुत्रं बघून मी घाबरले आणि तुझा उजवा हात ओढला, हॅण्डलच वळलं. तू ब्रेकला दोष देत होतीस, स्वतःला देत होतीस. दहा महिने माझी जीभच रेटली नाही गं, क्षितू."

मी तिच्या हेल्मेटचा पट्टा लावला. गाडीवर बसले, तिचे दोन्ही हात मागून ओढून घेतले. "कमरेला धर, आई. घट्ट."