डाव्या पायाचं माप

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (डावा पाय सोडून, तो सध्या कशालाच टेकवायचा नाही असा हुकूम आहे). तू दुकान सोडून गेल्याला तीन वर्षं झाली आणि माझं हे पहिलंच पत्र, तेव्हा आधी रागावून घे, मग वाच. गुडघे कसे आहेत? मुलीकडे वेळेवर जेवतोस ना, की तिथेही भांडून उपाशी बसतोस? इकडे दुकान ठीक चाललंय. मी ठीक नाही.

झालं असं, की आठ महिन्यांपूर्वी माझ्याच बुटात मीच ठोकलेला खिळा वर आला आणि मी चार दिवस त्यावर चालत राहिलो. साखरेनं पाय बधिर झालेला, कळणार कसं? आयुष्यभर लोकांच्या बुटांत हात घालून खिळे चाचपले, स्वतःच्या बुटात कोण बघतो! पाचव्या दिवशी हिने मोजा धुवायला घेतला आणि किंचाळली. मलमं झाली, गोळ्या झाल्या, जखम हटेना. शेवटी नुसत्या न भरणाऱ्या जखमांचा दवाखाना असतो, तिथे गेलो. (असा असतो हे मलाही माहीत नव्हतं. बाकावरची माणसं एकमेकांना नाव विचारत नाहीत, 'तुमची किती महिन्यांची?' असं विचारतात.) तिथली सिस्टर दर आठवड्याला कागदी पट्टीनं जखम मोजते, फोटो काढते आणि पात्यानं कडेची मेलेली कातडी तासते. दादा, काय हात आहे तिचा! तू चामड्याची कड पातळ करायचास ना, अगदी तसा. मी न राहवून, पातं जरा आडवं धरा, असं सुचवलं. तेव्हापासून मला छताकडे बघत पडून राहायची सक्ती आहे.

मग कमरेला यंत्र आलं. जखमेत स्पंज, वर चिकटपट्टी, त्यातून नळी, आणि पिशवीतला पंप दिवसभर घाण ओढत गुरगुरतो. पट्टीतून हवा शिरली की कोकलतो. दुकानात शाळेच्या मोठ्या बाई नवे बूट घालून बघत होत्या, मी त्यांच्या पायाशी वाकलेलो, आणि हा कोकलला. बाईंना वाटलं बूटच ओरडला. त्यांनी तो भिरकावला. माझं डोकं फिरलं. मी पट्टीच्या कडेला दुकानातलं सोल्यूशन लावलं. (बरोबर वाचलंस. सोल चिकटवायचं.) पंप गप्प. दोन दिवस मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. तिसऱ्या दिवशी सिस्टरने पट्टी काढली तर कातडीही बरोबर आली. मला काहीच जाणवलं नाही, तिचा चेहरा बघून कळलं. तीन महिन्यांत भरलं होतं तेवढं सगळं गेलं. डॉक्टर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आता भरलं नाही तर दोन बोटं काढावी लागतील." 

जखमेवर भार पडणार नाही असा बूट हवा, म्हणाले. मी छाती काढून सांगितलं, मीच करतो. घरी कागदावर पाय ठेवून पेन्सिल घेऊन वाकलो, तर वाकलं की भार पुढे जातो आणि पाय पसरतो. पाच कागद झाले आणि पाच वेगळे पाय झाले. मग हिने पेन्सिल फिरवली आणि हसत विचारलं, गुदगुल्या होतात का? होत नव्हत्या. हिने पेन्सिल खाली ठेवली, माप अर्धंच राहिलं.

माझं माप लहानपणापासून तूच घ्यायचास. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो, तुझी नजर गेली, टाके वाकडे पडतात. तू आरी खाली ठेवलीस आणि निघून गेलास. दादा, टाके सरळ होते. मला रेडिमेड रबरी सोल आणायचे होते आणि तू आणू देत नव्हतास, एवढंच. तुझी फार आठवण येते. दुपारी दुकानात कोणी नसलं की मी पंपाशी बोलतो. तोही तुझ्यासारखाच कुरकुरतो, पण माझ्या कामात खोट काढत नाही.

मुलीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : दोन दिवस येऊन माप घेऊन जा. बूट तिकडे बसून शिवलास तरी चालेल.

ता. क. दुसरा : खरं सांगतो. वरचं सगळं तीन महिन्यांपूर्वी लिहिलंय, पेटीत टाकायचा धीर झाला नाही. गेल्या मंगळवारी जखम बंद झाली. सिस्टरने तक्त्यावर शून्य लिहिलं. बूट दवाखान्यानंच दिला, चांगला बसतो. आता तुला बोलवायला माझ्याकडे काही कारण उरलेलं नाही. तरी ये.